मे महिन्यात रात्री आठ वाजता उद्यान कोणाचे असते?

खानदेशात उन्हाळ्यात उद्यानात केव्हा जायचे, हे ऊन ठरवते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला तरी आता कोणी भुवया उंचावत नाही. सायंकाळी सहा वाजता सिमेंटच्या बाकावर हात टेकवत नाही आणि सातच्या सुमारास सूर्य मावळतो. होळी उलटल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन महिने, इथल्या उद्यानाचा खरा उपयोग पहाटे साडेपाच ते साडेसात आणि दिवेलागणीनंतर एवढाच होऊ शकतो. ज्या शहरांत संध्याकाळी पाचला मुलांना घेऊन बागेत जाता येते, तिथल्या मोजमापाने आपली उद्याने आखली गेली, वेळापत्रकेही तशीच लावली गेली. त्यामुळे स्त्रियांना आणि मुलींना उद्यानात सुरक्षित वाटते का, हा प्रश्न आपल्याकडे वर्षातले तीन महिने अंधाऱ्या वेळेचा प्रश्न असतो, आणि नेमक्या त्याच वेळेचा विचार कोणत्याही आराखड्यात दिसत नाही.

उद्यान सुरक्षित आहे की नाही, हे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवरून ठरवण्याची पद्धत आपण सोडली पाहिजे. त्याऐवजी मे महिन्यात रात्री आठ वाजता तिथे कोणत्या वयाच्या बायका आणि मुली आहेत आणि त्या काय करत आहेत, हे पाहावे. एखादी सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणीबरोबर काहीही न करता, नुसत्या गप्पा मारत तासभर बसलेली दिसली, तर ते उद्यान सुरक्षित समजावे. ती दिसत नसेल, तर तक्रारवहीचे पान कोरे आहे यावर समाधान मानू नये.

ते पान कोरे का राहते, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दोन पोरे दुचाकीवरून फेऱ्या मारतात, जवळून जाताना मुद्दाम वेग कमी करतात, मोबाइलवर मोठ्याने गाणे लावतात, असे मुलीने घरी सांगितले की आईच्या मनात पहिला विचार येतो तो हे बापाच्या आणि भावाच्या कानावर घालावे की नाही, हा. घातले तर भांडण होते किंवा मुलीचे बाहेर जाणे बंद होते, आणि बहुधा दोन्ही होते. न घातले तरी निकाल तोच लागतो: ‘तठे पोरे बठेल ऱ्हातस, नको जाऊ.’ पोरे तिथेच बसून राहतात आणि मुलीची बाग सुटते. मैत्रिणीची बाग कशी सुटली, हे पाहिलेली दुसरी मुलगी घरी काही सांगतच नाही. अशा रीतीने तक्रारी कमी होत जातात आणि कागदावर उद्यान सुरक्षित होत जाते.

जळगावकरांना या न्यायाचा अनुभव नवा नाही. 1994 साली शहरात मुलींच्या लैंगिक शोषणाचे, त्यांना धमकावून गप्प ठेवण्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यभर गाजले. आरोपींविषयीची चर्चा काही काळाने ओसरली. त्या वेळी लग्नाच्या वयात असलेल्या जळगावच्या मुलींना मात्र, त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसताना, सोयरिकीच्या बैठकीत संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या. मुलीच्या बाबतीत काही घडले की तिच्या नावाला किती काळ किंमत मोजावी लागते, हे ज्या शहराने पाहिले, त्या शहरातल्या आयांनी सावधपणा उचलला तर त्यांना बोल लावता येत नाही. पण प्रशासनाने त्या सावधपणालाच सुरक्षितता समजावे, हे पटणारे नाही.

कायदा कमी पडतो, अशीही स्थिती नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम 75, पाठलागासाठी कलम 78 आणि स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव यांसाठी कलम 79 आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर 2012 चा पॉक्सो कायदाही आहे. अडचण वेगळीच आहे. उद्यानात रोज जे घडते ते सुटे-सुटे पाहिले तर इतके किरकोळ असते की फिर्यादीत लिहायचे काय, हा प्रश्न पडतो. एकटक पाहणे, बाकाच्या अगदी शेजारी येऊन उभे राहणे, व्यायाम करणाऱ्या मुलीकडे मोबाइल रोखून धरणे. चोरून चित्रीकरण करण्याविरुद्धचे कलम 77 हे खासगी कृतीपुरते बेतलेले असल्याने उघड्या मैदानावर धावणाऱ्या मुलीचा व्हिडिओ त्यात सहज बसत नाही. शिवाय ‘मी माझा सेल्फी काढत होतो’ हे उत्तर तयारच असते. यातली कोणतीही एक गोष्ट गुन्हा ठरेलच असे नाही. पण चार दिवस लागोपाठ हेच घडले की पाचव्या दिवशी ती मुलगी येत नाही. गुन्हा घडण्याआधीच माघार घ्यायला लावणारी ही परिस्थिती दंडसंहितेने बदलत नाही. ती जागेच्या रचनेने आणि तिथल्या माणसांच्या वावराने बदलते.

कोणत्याही उद्यानात थोडा वेळ बसून पाहिले तर स्त्रियांच्या आयुष्यातला एक मोठा खंड डोळ्यांना दिसतो. घसरगुंडीवर, झोक्यावर आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुली मुलांच्या बरोबरीने असतात. त्यानंतर त्या विरळ होतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर जवळजवळ नाहीशा होतात. परत दिसतात त्या चाळिशीनंतर, मधुमेहाचे निदान झाल्यावर, साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून, तिघी-चौघींच्या घोळक्याने मेहरूण तलावाच्या काठी पहाटे चालताना. मधल्या तीस वर्षांत त्या उद्यानात येतात त्या कोणाच्या तरी आई म्हणून, मुलाला झोका द्यायला. स्वतःसाठी येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्त्रीला मोकळ्या हवेत फिरण्याचे कारणच मिळू नये, ही तशी विचित्रच गोष्ट आहे.

हा खंड आपल्याच संस्कृतीत पडतो, असे समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात पाहणी केली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या वयानंतर सार्वजनिक उद्यानांतल्या मुलींची संख्या एकदम घसरते आणि मुलांची तशीच राहते, असे आढळले. तिथल्या नगररचनाकारांनी मुलींना धीट होण्याचे धडे दिले नाहीत. त्यांनी मैदाने पाहिली. एकच मोठे मोकळे मैदान असले की मोठी मुले ते व्यापतात, आणि मुलींना त्यांच्याशी भांडून जागा घेण्यापेक्षा निघून जाणे सोपे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. 1999 पासून त्यांनी शहराच्या पाचव्या भागातल्या दोन उद्यानांची फेरआखणी केली. मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा काढली, पायवाटा वाढवल्या. मुली परत आल्या आणि त्यासाठी मुलांना हाकलावे लागले नाही. व्हिएन्नाचा पैसा आपल्याकडे नाही हे खरे. पण मैदानात एक आडवी झुडपांची रांग लावायला किती पैसा लागतो?

या प्रश्नाचा आरोग्याशी असलेला संबंध वरवरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या 2022 च्या आकडेवारीनुसार भारतातल्या सुमारे 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी आहे; पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के आहे. ‘घरकाम हाच व्यायाम’ असे म्हणणाऱ्यांनी 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाकडेही पाहावे. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 299 मिनिटे घालवतात, पुरुष 97. या जवळजवळ पाच तासांतला शेवटचा भाग म्हणजे रात्रीची भांडी आणि ओटा. तो आवरून बाईला मोकळा अर्धा तास मिळतो तेव्हा घड्याळात साडेआठ-पावणेनऊ झालेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी तेव्हाच रखवालदार शिट्टी वाजवत फाटकाकडे निघालेला असतो.

मग ती कुठे जाते? आपल्या गावांच्या वाढीव वसाहतींत रात्री नऊला एक चक्कर मारावी. बायका शतपावली करत असतात ती रस्त्यावर, दुचाक्यांना वाट देत, भटक्या कुत्र्यांना चुकवत. त्याच वसाहतीत मागच्या बाजूला ‘ओपन स्पेस’ असते, पालिकेने चालण्यासाठी फरश्या बसवलेली, ओपन जिमची रंगीत यंत्रे उभी असलेली. तिथे त्या जात नाहीत. रस्ता त्यांना अधिक सुरक्षित वाटतो, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे पुढचे दरवाजे असतात. ओट्यावर कोणी आजी बसलेली असते, कोणी पाण्याचा पाइप घेऊन अंगण शिंपत असते, हाक मारली तर ओ देणारे कोणीतरी असते. वाहनांची भीती पत्करून बायका माणसांच्या नजरेच्या टप्प्यात चालतात, आणि मला यात त्यांचा घाबरटपणा दिसत नाही, अचूक हिशेब दिसतो.

ओपन स्पेस मागे का असते, याचे कारण जमिनीच्या व्यवहारात आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशात 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही अट पूर्वीही या ना त्या रूपात होतीच. प्लॉट पाडणारा मालक रस्त्याला लागून असलेले, चांगल्या भावाचे तुकडे विक्रीला काढतो आणि मोकळ्या जागेसाठी नाल्याकडेचा, वेडावाकडा, न विकला जाणारा कोपरा ठेवतो. त्या कोपऱ्याकडे चहूबाजूंनी घरांच्या पाठी येतात: मोरीची खिडकी, पाण्याची टाकी, पाच-साडेपाच फुटांची भिंत. एवढी भिंत बाहेरच्याला आत काय चालले आहे ते दिसू देत नाही आणि आत जाऊ पाहणाऱ्या टवाळाला अडवतही नाही. मोकळी जागा वसाहतीच्या मध्यभागी, घरांच्या तोंडासमोर असावी, एवढी एक अट नकाशा मंजूर करताना घातली तर पुढची वीस वर्षे त्या जागेला रखवालदार लागणार नाही. झालेल्या वसाहतींत भिंत उतरवून गुडघ्याएवढा कठडा आणि वर जाळी करणे तरी शक्य आहेच.

दिव्यांचेही तसेच आहे. उद्यानात उजेड हवा म्हटले की हायमास्ट उभा राहतो, कारण त्याचे लोकार्पण करता येते. त्याचा उजेड कडुनिंबाच्या आणि गुलमोहराच्या शेंड्यांवर पडतो आणि खालच्या पायवाटेवर दाट सावली पडते. प्रखर उजेडातून त्या सावलीकडे पाहणाऱ्याला तर आत कोण आहे ते मुळीच दिसत नाही. झाडांच्या फांद्यांखाली राहतील असे, माणसाच्या दीड-दोन उंचीचे, जवळजवळ लावलेले साधे खांब अधिक उपयोगाचे असतात, कारण समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येणे ही बाईच्या दृष्टीने उजेडाची खरी कसोटी आहे. स्वच्छतागृहांविषयी फार लिहायला नको. जिथे ती आहेत तिथे कुलूप असते आणि किल्ली बहुधा रखवालदाराच्या खिशात. परक्या पुरुषाकडे ती किल्ली मागण्यापेक्षा बाई घरी परतते.

यावर प्रशासनाचे ठरलेले उपाय तीन आहेत: उद्यान लवकर बंद करणे, कॅमेरे बसवणे आणि पोलीस पथक पाठवणे. पहिला उपाय खानदेशच्या उन्हाळ्यात म्हणजे उद्यान बंदच ठेवणे. कॅमेरा घडून गेलेल्या घटनेचा पुरावा देतो, त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण पडद्यासमोर कोणी बसलेले नसेल तर त्या क्षणी बाईच्या मदतीला तो येत नाही. दामिनी किंवा निर्भया पथकांबद्दल मला आदर आहे. टवाळखोरांना जरब बसवण्याचे काम त्यांनी अनेकदा केले आहे. अडचण अशी की उद्यानातल्या कारवाईच्या बातम्या वाचल्या तर त्यांत टवाळखोरांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याहून अधिक, जोडीने बसलेली महाविद्यालयीन मुले-मुली असतात. त्यांना हटकले जाते, आई-वडिलांचे फोन नंबर मागितले जातात. कायद्याने सज्ञान असलेल्या मुलीने उजेडात, सर्वांदेखत मित्राशी बोलणे हा गुन्हा नाही. तिला तिथून उठवले की ती जिथे कोणी पाहत नाही अशा ठिकाणी जाते, आणि तिथे तिच्यावर खरोखर संकट आले तर 112 वर फोन करण्यापूर्वी ती दहादा विचार करते, कारण पोलीस आले की घरी कळणार हे तिला ठाऊक झालेले असते.

स्त्रियांसाठी राखीव उद्यान किंवा राखीव वेळ, ही चौथी मागणी अनेक महिला मंडळे प्रामाणिकपणे करतात. तिला मी सरसकट विरोध करणार नाही. ज्या गावात बायकांनी उद्यानात पाऊलच ठेवलेले नाही, तिथे सुरुवातीला असा एक तास सवय लावण्यास उपयोगी पडेल. मात्र राखीव तासाला एक दुसरी बाजू असते. उरलेले सगळे तास आपोआप पुरुषांचे ठरतात, आणि त्या वेळी गेलेल्या बाईला ‘तुमची वेळ संपली ना?’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही मिळतो.

गर्दी, उजेड आणि संमती एकत्र आली की काय होते, याचा दाखला खानदेशाला बाहेरून आणण्याची गरज नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही खानदेशची देवी बसते. त्या रात्री गल्लोगल्ली जागर असतो आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत सासू, सून, नात एकाच रस्त्यावर नाचतात. एरवी आठनंतर दाराबाहेर न पडणारी मुलगी त्या रात्री दोन वाजता रस्त्यावर असते आणि तिच्या बापाला झोप लागलेली असते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला तर भर वैशाखात माहेरवाशिणी कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणत, पुरुष पारावर पत्ते कुटत बसलेले असत आणि त्या दिवशी मोकळी जागा मुलींची आहे याबद्दल कोणाला शंका नसे. सणाच्या गर्दीत धक्काबुक्की आणि लगट होत नाही, असा भोळा दावा मी करत नाही. पण तिथे बाई एकटी नसते, तिच्या असण्याचे कारण तिला कोणी विचारत नाही आणि आगळीक करणाऱ्याला ओळखणारे दहा जण भोवती असतात. हीच परिस्थिती साध्या मंगळवारी उद्यानात निर्माण करणे हे खरे काम आहे.

ते करण्याचे अधिकार स्थानिक संस्थांकडे आहेत. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे, पथदिवे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात निम्म्या बायका असताना उद्यानांच्या कामांची यादी कारंजी, पुतळे आणि सेल्फी पॉइंट यांच्यापुढे का जात नाही, हे निवडून आलेल्यांना विचारायला हवे. कॅनडातल्या टोरांटो शहरात 1989 मध्ये स्त्रियांनीच अंधार पडल्यावर शहराच्या जागा फिरून तपासण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या देशात 2013 पासून ‘सेफ्टीपिन’ हे मोबाइल अॅप तेच काम करते आणि उजेड, मोकळेपणा, आजूबाजूच्या नजरा, स्त्रियांची उपस्थिती असे मुद्दे एकेका जागेसाठी नोंदवते. अॅप नसले तरी चालेल. नगरसेविका, प्रभागातले बचतगट, दोन महाविद्यालयीन मुली आणि विद्युत विभागाचा एक अभियंता एवढ्यांनी मे महिन्यात रात्री साडेआठला एकत्र चक्कर मारली, तर कोणता दिवा बंद आहे आणि कोणत्या वळणावर पाय थबकतो, हे तासाभरात कागदावर येईल. त्याच बचतगटांना उद्यानात चहा-नाश्त्याची टपरी चालवायला द्यावी. रात्री दहापर्यंत तिथे कामानिमित्त असलेल्या दोन बायका, पगारी रखवालदारापेक्षा अधिक नजर ठेवतील, आणि स्वच्छतागृहाची किल्लीही त्यांच्याकडे राहील. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून शिलाई यंत्रे वाटण्याबरोबर हाही खर्च व्हावा.

राहता राहिली ती बाकावर बसलेली पोरे. त्यांना खलनायक ठरवून लेख संपवणे सोपे आहे, पण त्यांतली बरीचशी केवळ जायला दुसरी जागा नाही म्हणून तिथे बसतात. घरात दोन खोल्या, पत्रे तापलेले, हाताला काम नाही, मैदानावर प्लॉट पडलेले. त्यांच्यासाठी उद्यानाच्या एका बाजूला व्हॉलीबॉल-कबड्डीची उजेडाची जागा केली तर फाटकाजवळची त्यांची बैठक आपोआप हलेल. आणि एवढे होऊनही जो बाईच्या मागे फिरेल, त्याच्यासाठी पोलीस आहेतच. येत्या उन्हाळ्यापुरते बोलायचे तर खानदेशातल्या महापालिकांनी आणि नगरपालिकांनी एप्रिल ते जून उद्यानांची वेळ रात्री साडेदहापर्यंत वाढवावी. देखभालीच्या ठेक्यात बंद दिवा दोन दिवसांत बदलण्याची आणि स्वच्छतागृह उघडे ठेवण्याची अट घालावी. आणि ठेकेदाराचे मासिक देयक मंजूर करताना प्रभागातल्या बचतगटाच्या एका सदस्येची सही त्यावर घ्यावी.